गिटारची पेडल्स बोर्डवर बसवावीत का सुटीच बरी?

नाशिकचा_स्ट्रॅट

राम राम मंडळी. एरवी वाचनमात्रच असतो पण आज राहवेना म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची पाच पेडल्स आहेत. वाह, हिरवा ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह), बॉसचा डीएस-१ (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारं), कोरस आणि डीडी-३ डिले (प्रतिध्वनी देणारं). सगळी जुन्या लॅपटॉप बॅगेत, प्रत्येक पेडल एकेका मोज्यात घालून (मोजे धुतलेले असतात, आधीच सांगतो). बँड म्हणजे आम्ही चार नोकरदार, शनिवारी प्रॅक्टिस, अधूनमधून गंगापूर रोडला कॅफेत वाजवतो आणि गणपतीत दोनचार मंडळं. आता होतं असं की दरवेळी जमिनीवर मांडी घालून केबल्स जोडा, मग त्यातली एखादी बोंबलते, ती शोधा, तोवर बासवाला चहा पिऊन परत येतो. ड्रमरचं म्हणणं, सगळं एका बोर्डवर (म्हणजे फळीवर किंवा फ्रेमवर) कायमचं बसवून टाक आणि विषय संपव.

मला विचाराल तर ते बोर्ड प्रकरण थोडं शायनिंग वाटतं. इंपोर्टेड बोर्ड आणि त्याची बॅग घ्यायची तर तेवढ्यात एक बरं पेडल येतं. शिवाय वेल्क्रो लावलं की पेडलच्या बुडाची वाट लागते, उद्या विकायचं म्हटलं तर कोण घेणार? आणि मला मध्येच क्रम बदलून बघायची सवय आहे. हेंड्रिक्सने १९६९ ला वुडस्टॉकला वाह, फझ फेस आणि युनिव्हाइब जमिनीवर सुटे ठेवूनच वाजवलं, त्याचं काय अडलं?

तर पाच पेडल्ससाठी बोर्ड करावा का? ज्यांनी केलाय त्यांना खरंच फायदा झाला का?

काळी_पाच

हेंड्रिक्सकडे जोडाजोडी करून द्यायला माणसं होती. तुझ्याकडे बासवाला आहे आणि तो चहा प्यायला गेलाय.

खर्जातला_खंडू

बोर्ड केलास की पेडल्स वाढतात. एवढंच सांगून खाली बसतो.

रिव्हर्बराव

स्ट्रॅटभाऊ, तुम्ही प्रश्न लाकडाचा विचारताय पण तुमचा खरा प्रश्न करंटचा आणि केबलचा आहे. पाचही पेडल्सना पॉवर कशी देता ते लिहिलंच नाही. माझा अंदाज, एक अडॅप्टर आणि त्यातून निघालेली पाच तोंडांची डेझी चेन. बरोबर?

डीएस-१ सारखं ॲनालॉग पेडल जेमतेम काही मिलीअँपिअर खातं, डिजिटल डिले त्याच्या कितीतरी पट. तरी तुमच्या पाचात हिशोब सहज बसतो, कारण बॉसचा आत्ताचा अडॅप्टर ५०० मिलीअँपिअर देतो. पण उद्या मोठा डिजिटल रिव्हर्ब घेतलात (काही काही एकटेच ३०० मागतात) तर तीच चेन हात वर करेल. दुसरं म्हणजे डिजिटल पेडलच्या आतलं घड्याळ त्याच ग्राउंडवर बारीक शिट्टी सोडतं, आणि डेझी चेनमध्ये ती शिट्टी डिस्टॉर्शनमध्ये घुसून मोठी होते. घरी कमी आवाजात कळत नाही, स्टेजवर गेन वाढवला की डास गुणगुणल्यासारखं सुरू होतं. यावर उपाय म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय, प्रत्येक आउटपुट वेगळा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

आता असा सप्लाय घेतला की त्याला ठेवायला जागा लागते, त्याच्या पाच वायरी कुठेतरी बांधाव्या लागतात, आणि तो लॅपटॉप बॅगेत सुटा नेता येत नाही. मग बोर्ड आपोआप येतोच. म्हणजे आधी सप्लाय, मग बोर्ड. लोक उलटं करतात, महागडी फ्रेम घेतात आणि तिच्यावर फुटपाथवरचा अडॅप्टर चिकटवतात.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. मुलांनो तुमचं चालू द्या, पण मी एक विचारतो, एवढी पेडलं हवीत कशाला?

आम्ही ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा एका प्रोग्रॅमला पस्तीस-चाळीस गाणी, मराठी, हिंदी, मध्येच एक लावणी, मग लगेच आरडींचं गाणं. नव्वदच्या दशकात झूमचं ते छोटं ५०५ (एकाच डब्यात सगळे इफेक्ट्स, म्हणजे प्रोसेसर) आलं आणि निम्म्या ऑर्केस्ट्रांतल्या गिटारिस्टांच्या पायाखाली तेच दिसायला लागलं. पॅच (आधी ठरवलेले आवाज) लावून ठेवायचे, पाय मारला की पुढचा आवाज. एक अडॅप्टर, दोन केबली, बसायला खुर्ची, रेक्झिनची पिशवी. निवेदक विनोद सांगतोय तोवर पॅच बदलून तयार. आजही गणपती-नवरात्रात मांडवात जाऊन बघा, दहातले बहुतेक जण प्रोसेसरवर आहेत. बोर्डाचा प्रश्नच येत नाही कारण तो स्वतःच बोर्ड आहे.

दुसरी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. मंडळाच्या स्टेजवर पुष्कळ ठिकाणी चपला-बूट काढून चढावं लागतं, मूर्ती मागेच असते. अनवाणी पायाने तो लोखंडी बटणाचा स्विच दाबून दाखवा! बॉसचं रबरी पट्ट्याचं पेडल चालतं, ते दुसरं टोकदार बटण अंगठ्याखाली आलं की तालात पाय न पडता तोंडातून शब्द पडतात.

पॉलिफोनिक_पमी

काका, अनवाणीचा मुद्दा एक नंबर. +१. मी त्या बटणांवर प्लास्टिकच्या रुंद टोप्या बसवल्यात, ऑनलाइन मिळतात, पाय दुखत नाही आणि अंधारात सापडतातही.

पण प्रोसेसरबद्दल असहमत. गाणं चालू असताना डिलेचा फीडबॅक जरासा कमी करायचा तर पेडलवर वाकून बटण फिरवलं की झालं, तिथे मेनूत शिरावं लागतं. ऑर्केस्ट्रात गाणं ठरलेलं, सोलो ठरलेला, तिकडे पॅच बेस्ट. आम्ही आमचीच गाणी वाजवतो आणि दरवेळी थोडी वेगळी वाजवतो, तिकडे सुटी बटणंच हवीत.

बोर्डाबद्दल: मी विरारहून लोकलने जाते. पाठीवर गिटार, हातात बोर्ड. मोठा बोर्ड म्हणजे बॅगेसकट आठ-दहा किलो सहज होतो आणि सकाळच्या दादर फास्टमध्ये तो घेऊन चढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. म्हणून मी चारच पेडल्सचा अरुंद बोर्ड ठेवलाय, मांडीवर मावतो. एकदा शेजारच्या मावशींनी विचारलं पेटी का गं? मी हो म्हटलं. मग त्यांनी अभंग म्हणायला सांगितला.

काळी_पाच

@पमी मग म्हणत बसलास का? :)

पॉलिफोनिक_पमी

बसलीस का. आणि हो, म्हटला. बोरिवलीपर्यंत.

काळी_पाच

सॉरी ताई, बोटं पुढे धावली.

वऱ्हाडी_व्हायब्रेटो

कायले एवढा खर्च करून राह्यले भाऊ. आमच्या इकडे प्लायवूडचा तुकडा घेतला, त्याच्यावर पायपुसण्याचं कार्पेट ठोकलं, झाला बोर्ड. वेल्क्रोची खरबरीत बाजू कार्पेटले आपोआप चिकटते, मऊ बाजूची पट्टी घ्यायची गरजच नाही. फक्त दुकानात जाताना एक पेडल संग घेऊन जा अन् कार्पेटवर लावून पाहा, सगळ्या कार्पेटले धरत नाही. दुकानदार येड्यासारखा पाह्यते, पाहू द्या.

भंगारातून_बोर्ड

वऱ्हाडीभाऊंची आयडिया चांगली आहे पण प्लाय जड होतो आणि केबल्स सगळ्या वरून जातात, पाय अडकतो. मी इथे बऱ्याच जणांना बोर्ड करून दिलेत (धंदा नाही, हौस) म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वात स्वस्त आणि मस्त म्हणजे स्लॉटेड अँगल. तोच, गोडाऊनच्या रॅकला असतो तो, भोकाभोकांचा. कुठल्याही रॅकवाल्याकडे कापून मिळतो. साठ सेंटिमीटरच्या दोन-तीन पट्ट्या आडव्या, दोन्ही बाजूंना तीस-तीसच्या, नटबोल्ट आवळायचे, मागची बाजू चार-पाच सेंटिमीटर उचलायची. पट्ट्यांमध्ये फट सोडायची म्हणजे केबल्स खाली जातात. मागच्या उंचीखाली पॉवर सप्लाय उलटा टांगायचा, आणि त्याची उंची आधी मोजायची, नाहीतर सगळं झाल्यावर तो जमिनीला टेकतो आणि बोर्ड सीसॉसारखा डुलतो. वजन जास्त वाटत असेल तर स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे ॲल्युमिनियम सेक्शनचे उरलेले तुकडे मागा, तो किलोवर देतो.

आता चिकटवण्याचं. वेल्क्रोचे दोष सांगतो, कोकणात आणि विदर्भात उन्हाळ्यात त्याचा गोंद पातळ होतो. गाडीच्या डिकीत बोर्ड राहिला तर पेडल हळूहळू सरकतं आणि मागे पांढरा चिकट लगदा सोडतं. भोकांचा अँगल असेल तर वेल्क्रो नकोच, झिप टाय घ्या. दोन टाय एका पेडलला, खालून आवळायचे, काढायचं तर कातरी. एमएक्सआरसारख्या बुडाला चार स्क्रू असलेल्या पेडल्सना अजून एक युक्ती आहे, सायकलच्या चेनची एकेक कडी सुटी करायची, तिचं एक भोक पेडलच्या स्वतःच्या बुडाच्या स्क्रूत आणि दुसरं भोक बोर्डात स्क्रूने. पेडलला ओरखडाही येत नाही आणि बोर्ड उलटा धरला तरी हलत नाही. चेन नवी घ्या, जुनीचं ग्रीस हाताला लागतं.

विकाऊ_वाजप्या

धागाकर्त्याचा रीसेलचा मुद्दा बरोबर आहे, त्याला कोणी हसू नका. मी जुनी पेडल्स घेतो-विकतो. बॉसच्या पेडलखाली जे काळं रबर असतं ते सोलून वेल्क्रो लावतात लोक, आणि सिरियल नंबरचं लेबलही तिथेच बुडाला असतं. ते फाटलं की भाव पडतो, जपानी जुन्या पेडलचा तर फारच. नव्या डीएस-१ ला काय, ते बाजारात पोत्याने आहेत, कोण बघतंय लेबल.

उपाय सोपा आहे. आधी बुडाला चांगली रुंद मास्किंग टेप लावा, तिच्यावर वेल्क्रो. निघताना टेपसकट निघतं. पकड थोडी कमी होते पण पाच पेडलांच्या बोर्डाला पुरते. किंवा मग वरचे झिप टाय.

स्टुटगार्टचा_सदू

इकडे एकेकाळी आयकियाचं गॉर्म नावाचं लाकडी शेल्फ फार प्रसिद्ध होतं. एक फळी विकत घ्यायची, तिच्या पट्ट्यांमध्ये फट आधीच असायची, खाली दोन तुकडे ठोकले की बोर्ड तयार. नंतर कंपनीने गॉर्म बंद करून हेयने नावाची मालिका आणली तर गिटारवाल्यांनी केवढा शोक केला होता. शेल्फ म्हणून ते कोणाच्या घरात होतं का मला माहीत नाही, ओळखीच्या प्रत्येक गिटारिस्टच्या घरात मात्र ते जमिनीवरच.

कपॅसिटर_कुलकर्णी

दोन तांत्रिक मुद्दे, कारण इथे सगळे लाकूडकाम करतायत.

१. केबल. साधारण गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास असते. सहा मीटर गिटारपासून बोर्डपर्यंत, सहा मीटर बोर्डपासून ॲम्पपर्यंत, पेडलांमधल्या छोट्या पॅच केबल्स वेगळ्या. पॅसिव्ह पिकअपला (तारांखालच्या सेल नसलेल्या चुंबकी कॉइलला) हा सगळा भार ओढावा लागला तर ट्रेबल मरतो, आवाज गोधडीखालून आल्यासारखा. हल्ली सगळ्यांना ट्रू बायपासचं (पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता सरळ आरपार) वेड आहे, पण सगळी पेडल्स ट्रू बायपास असतील आणि सगळी बंद असतील तेव्हा हा पूर्ण भार थेट गिटारवर येतो. बॉसचं पेडल बंद असतानाही आत बफर (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) चालू असतो, तो पुढच्या केबलला सांभाळून घेतो. स्ट्रॅटरावांकडे डीएस-१ आणि डीडी-३ आहेत म्हणजे बफर आहेतच, वेगळा बफर विकायला कोणी आलं तर नमस्कार करून दाराबाहेर काढा.

२. फझ (खरखरीत फाटका आवाज देणारं पेडल). तुमच्याकडे सध्या नाही, पण हेंड्रिक्सचं नाव काढलंत म्हणजे आज ना उद्या घ्याल. फझ फेसच्या जातीचं पेडल गिटारला थेट जोडलेलं आवडतं, आधी बफर आला की त्याचा स्वभाव बदलतो, व्हॉल्यूम कमी केल्यावर जो स्वच्छ आवाज मिळतो तो मिळत नाही. आणि जुन्या पद्धतीचं जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरचं फझ असेल तर त्याचं ग्राउंड पॉझिटिव्ह असतं. ते इतरांबरोबर डेझी चेनमध्ये लावलं तर सप्लाय शॉर्ट होतो. त्याला वेगळा आयसोलेटेड आउटपुट आणि उलट्या पोलॅरिटीची वायर, नाहीतर सरळ नऊ व्होल्टचा चौकोनी सेल.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

पोलॅरिटीवरून आठवलं. पेडलचा अडॅप्टर बहुतेक वेळा आत मायनस बाहेर प्लस असतो. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याचा अडॅप्टर शेजारीच पडलेला असतो, त्याची पिन तशीच बसते, पण कितीतरी कीबोर्डचे बारा व्होल्टचे आणि आत प्लस असतात. घाईत तो लावला की धूर. आमच्या काळी अडॅप्टरला रंगीत टेप लावायचो, गिटारचा लाल, कीबोर्डचा पिवळा. बोर्डवर पॉवर कायमची बांधलेली असेल तर हा घोळ होत नाही, तेवढा मुद्दा मी तुम्हाला देतो.

खर्जातला_खंडू

काका पक्ष बदलताना रंगेहाथ.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

पक्ष बदलला नाही. बाहेरून पाठिंबा आहे.

अंगणातला_ॲम्बियंट

मी विरुद्ध बाजूने. बोर्ड नको. मी घरीच रेकॉर्ड करतो, स्टेजवर जवळजवळ जात नाही. माझी पेडल्स टेबलावर असतात, पायाने नाही हाताने वाजवतो म्हणा ना. डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावलं तर प्रत्येक रिपीट वेगळा चुरगळतो, शेवटचे रिपीट कमी चिरडले जातात कारण सिग्नल लहान होत जातो. रिव्हर्बनंतर फझ लावलं की भिंत कोसळल्यासारखा आवाज येतो, तोही कधीकधी हवाच असतो. वाह सगळ्यात शेवटी ठेवून बघा एकदा, डिस्टॉर्शननंतर ते फिल्टरसारखं झाडू मारतं. हे सगळं मला फक्त केबल सुट्या आहेत म्हणून सापडलं. बोर्ड केलेले माझे मित्र वर्षानुवर्ष ट्यूनर, वाह, ड्राइव्ह, मॉड्युलेशन, डिले, रिव्हर्ब या एकाच रांगेत अडकलेत, कारण कोण झिप टाय कापणार.

धागाकर्त्याने लिहिलंय क्रम बदलायची सवय आहे. ती सवय बोर्डाने मरते हे मी लिहून देतो.

रिव्हर्बराव

@ॲम्बियंट घरासाठी शंभर टक्के मान्य. पण ते कॅफेत वाजवतात, तिथे कोणी डिस्टॉर्शननंतर वाह ऐकायला थांबलेलं नसतं, लोक कॉफीला आलेले असतात. घरी सुटं, स्टेजला बांधलेलं, असं का नाही? वेल्क्रो असेल तर घरी आल्यावर उचकटून खेळता येतं, तेवढा वेल्क्रोचा फायदा झिप टायवाल्यांनी मान्य करावा.

भंगारातून_बोर्ड

मान्य. पण रोज उचकटलं तर गोंद जातो.

विमानातला_व्हॅमी

माझा अनुभव विमानाचा. देशातल्या बहुतेक विमानांत केबिन बॅगेला ७ किलो, चेक-इनला साधारण १५ किलो. गिटारच तीन-चार किलो, वर तिची केस. त्यामुळे बोर्ड बहुतेक वेळा चेक-इनमध्येच जातो आणि तिथे त्याची काय आबाळ होते ते पट्ट्यावरून येताना बघायचं. केबिनमध्ये नेलात तर एक्सरेवाले हमखास उघडायला लावतात, कारण पडद्यावर दिसतं काय तर धातूचे डबे, एकमेकांना वायरींनी जोडलेले. त्यात त्यांचा दोष नाही. शांतपणे म्हातारीला समजावून सांगतात तसं सांगायचं, साहेब हे गिटारचं आहे, आणि हो, ‘व्हॅमी’, ‘बिग मफ’, ‘क्राय बेबी’ अशी पेडलांची नावं मोठ्याने वाचायची नाहीत.

विमानाने जाणार असाल तर नटबोल्टवाला अँगल नको, छोटी ॲल्युमिनियमची हलकी फ्रेम घ्या.

काळी_पाच

अवांतर: बायकोचा मुद्दा अजून कोणी काढला नाही?

सुटी पेडल्स असली की नवं एखादं बॅगेत आलेलं घरी कळत नाही. बोर्डवर आठव्या जागी पेडल आलं की लगेच कळतं, काल इथे मोकळं होतं ना?

पॉलिफोनिक_पमी

आमच्याकडे उलटं आहे. नवरा मोजतो. मी म्हणते हे आधीपासूनच होतं, रंग दिलाय.

मांडव_माऊली

मी साउंडवाला, गिटारिस्ट नाही. आमच्या बाजूने सांगतो. कॉलेजच्या स्पर्धा असोत नाहीतर मंडळ, दोन बँडच्या मध्ये दहा मिनिटं मिळतात. ज्याचा बोर्ड तयार असतो तो येतो, एक केबल गिटारला, एक ॲम्पला, एक प्लग लाइटला, आणि चेक म्हणतो. ज्याची पेडल्स सुटी असतात तो गुडघ्यावर बसून प्रार्थना केल्यासारखा बसतो आणि ड्रमर कंटाळून डबल बास पेडल बडवायला सुरू करतो. आवाज गेला तर बोर्डवाल्याकडे शोधायला सोपं, सगळं दिसतं. सुट्यात दहा पॅच केबल्सपैकी कुठली मेली ते देव जाणे. माझी विनंती बोर्डच करा.

आता खरं जे लिहायला आलोय ते. मांडवात लाइटचे डिमर आणि जनरेटर एकाच लाइनवर असतात, त्यामुळे गिटारला घरघर येते. पुष्कळ गिटारवाले मग थ्री पिनची मोठी अर्थची पिन मोडतात किंवा टेप लावून बंद करतात. आवाज थांबतो, हो. पण मग ॲम्पमध्ये काही बिघाड झाला तर करंट जायला वाट तुमच्या तारांमधून, बोटांतून आणि तोंडासमोरच्या माइकमधून. १९७२ ला स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी स्वॉन्सीला भर स्टेजवर असाच गेला, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. पावसात ओल्या जाजमावर अनवाणी उभं राहणारे आपण, आपल्याला तर जास्तच जपायला हवं. घरघर आली तर साउंडवाल्याकडे ग्राउंड लिफ्टचा डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडायचा डबा) मागा, सिग्नलचं ग्राउंड तोडा, लाइटचं अर्थ कधीही तोडू नका. आणि बोर्डचा प्लग डिमरच्या लाइनवर नको, ॲम्प जिथे आहे त्याच स्विचबोर्डातून घ्या.

कपॅसिटर_कुलकर्णी

माऊली, हा प्रतिसाद वर पिन करायला हवा. सिंगल कॉइलवाल्यांना (म्हणजे धागाकर्त्यालाही) एक जोड, डिमरची घरघर पुष्कळदा पिकअपमधूनच येते, पेडलमधून नाही. जागेवर उभं राहून हळूहळू गिरकी घ्या, एका दिशेला घरघर कमी होते. तिकडे तोंड करून वाजवा. प्रेक्षकांकडे पाठ झाली तर झाली.

खर्जातला_खंडू

बासिस्टला तेच सोयीचं पडतं. आमच्याकडे कोणी बघतच नाही.

नाशिकचा_स्ट्रॅट

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे धन्स. ऑफिसमध्ये चोरून वाचत होतो.

रिव्हर्बराव, डेझी चेनच आहे, आणि ती शिट्टीही आहे. मी आजवर ते कॅफेच्या फ्रिजचं समजत होतो. पण आयसोलेटेड सप्लाय महाग पडतो राव, आणि पाच पेडलांना आठ आउटपुटचा घेऊन काय करू? ॲम्बियंट यांचं वाचून आज रात्री वाह शेवटी लावून बघणार. माऊली, पिन मोडणारा आमच्यात एक आहे, त्याला हा धागा पाठवलाय.

वाहचं काय करायचं ते सांगा. ते एकटंच एवढी जागा खातं की साठ सेंटिमीटरमध्ये बाकीची मावत नाहीत.

भंगारातून_बोर्ड

वाह बोर्डच्या बाहेर, डावीकडे किंवा उजवीकडे जमिनीवर. त्याला स्वतःचं वजन आहे, खाली रबर आहे, आणि पाय पूर्ण ठेवून हलवायचं असल्याने जमिनीवरच बरं पडतं, उतारावर घोट्याला त्रास होतो. एक लांब केबल जास्त, बस. मग उरलेली चार पेडल्स पंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये बसतात आणि तो बोर्ड पमीताईंसारखा मांडीवरही मावतो.

आणि चिकटवायच्या आधी एक काम कर. वर्तमानपत्रावर बोर्डच्या मापाचा चौकोन काढ, त्यावर पेडल्स मांड, जॅकसकट. जॅक लोक विसरतात. सरळ जॅक असेल तर दोन पेडल्समध्ये वीतभर जागा जाते, काटकोनी घेतलास तर जवळजवळ चिकटून बसतात. मग उभं राहून पाय मारून बघ, शेजारच्या बटणाला लागतोय का, बुटासकट आणि बुटाशिवाय. असंच आठवडाभर प्रॅक्टिस कर, जागा बदलावीशी वाटली तर तेव्हाच बदल. जे सगळ्यात जास्त दाबतोस ते उजव्या पायाच्या सरळ रेषेत हवं.

रिव्हर्बराव

सप्लायचं: चार-पाच आउटपुटचे लहान आयसोलेटेडही मिळतात, मोठ्याची गरज नाही. विकत घेताना आयसोलेटेड हा शब्द खोक्यावर आहे म्हणून विश्वास ठेवू नका, बरेच स्वस्त ‘मल्टि’ सप्लाय आतून एकच ग्राउंड वापरतात. मल्टिमीटरने सप्लाय बंद असताना दोन आउटपुटच्या आतल्या, मायनस टोकांमध्ये कंटिन्युइटी बघा. बीप वाजलं तर ती डेझी चेनच आहे, फक्त डब्यातली. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोणीही मीटर लावून बघू देतो.

तेही आत्ता परवडत नसेल तर निदान डिलेला वेगळा अडॅप्टर द्या आणि बाकी सगळी चेनवर ठेवा. शिट्टी बहुधा तेवढ्यानेच जाईल, ती गेली तर सहा महिने थांबा.

विकाऊ_वाजप्या

बोर्डवर कायम अडॅप्टर असणार तर पेडल्समधले सेल काढून टाका. अडॅप्टरची पिन आत असली की सेलचा सर्किटशी संबंध तुटलेलाच असतो, मग तो तिथे पडून पडून फुटतो आणि आतली पट्टी हिरवी होते. मी जुनी पेडल्स उघडतो तेव्हा निम्म्यांत हेच निघतं. मोज्यांचा उपयोग आता पावसाळ्यात होईल, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला.

नाशिकचा_स्ट्रॅट

ठरलं मग. वाह बाहेर, चार पेडल्स, अँगलचा छोटा बोर्ड, झिप टाय. डिलेला सध्या वेगळा अडॅप्टर. अंबडला रॅकवाले आहेत, रविवारी जाऊन पट्ट्या कापून आणतो. शायनिंगचा मुद्दा मागे घेत नाही पण.

पॉलिफोनिक_पमी

फोटू टाक. फोटूशिवाय धागा अपूर्ण.

वऱ्हाडी_व्हायब्रेटो

अन् दोन पॅच केबल एक्स्ट्रा घेऊन बोर्डच्या खाली बांधून ठेव भाऊ. बोर्ड केला म्हणून केबल मरत नाही असं नाही, फक्त सापडते लवकर.

भंगारातून_बोर्ड

अँगल कापून घेतलास की कडा कानशीने घासून घे, त्यावर काळी टेप मार. रॅकवाला घासून देत नाही आणि त्या धारेने केबलचं साल सोलवटतं. नटबोल्टला स्प्रिंग वॉशर माग, बास ड्रमच्या हादऱ्याने साधे नट सुटतात.